‘सरासरी १५ टक्के वजन घटते’ म्हणजे माझे किती घटेल? वजनाच्या इंजेक्शनांचे आकडे वाचताना

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता डॉक्टरांच्या केबिनपुरती राहिलेली नाही. टिर्झेपाटाइड हे औषध ‘मौन्जारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले. पाठोपाठ जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन ‘वेगोवी’ आले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. ती संपली की इतर कंपन्यांनाही हे औषध बनवता येते. त्यामुळे ‘घ्यावे का?’ हा प्रश्न आता अनेक घरांत विचारला जातो.

या चर्चेत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो : सरासरी १५ टक्के. कुठे २० टक्के, तर कुठे ‘२० टक्क्यांपर्यंत’. तो वाचून आपण लगेच मनात हिशोब करतो. माझे वजन ८० किलो, त्याचे १५ टक्के म्हणजे १२ किलो, म्हणजे मी ६८ किलोवर येणार. मग काही महिने खर्च करून पाच किलो उतरले की निराशा येते. घरचे म्हणतात, ‘पथ्य पाळत नसशील.’ शेजारच्या काकूंचे अठरा किलो उतरलेले असतात, त्यामुळे बोलणी आणखी वाढतात. काही जण वैतागून, डॉक्टरांना न विचारताच औषध बंद करतात.

१५ टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो निम्मीच गोष्ट सांगतो. उरलेली निम्मी गोष्ट म्हणजे त्या सरासरीच्या आजूबाजूला माणसे किती पसरलेली आहेत. ही पसरण कशी मोजतात आणि तुमच्या निर्णयात तिचा काय उपयोग, ते या लेखात पाहू.

सरासरी काय सांगते आणि काय झाकते?

समजा, पाच-पाच जणांचे दोन गट आहेत. दोन्ही गटांनी वर्षभर औषध घेतले. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.)

पहिल्या गटात वजन घटले : १३, १४, १५, १६ आणि १७ टक्के.
दुसऱ्या गटात वजन घटले : २, ८, १५, २२ आणि २८ टक्के.

दोन्हींची बेरीज ७५, सरासरी १५. बातमीत दोन्ही गटांसाठी एकच मथळा छापून येईल. पण पहिल्या गटातल्या कोणालाही ‘तुमचे साधारण १५ टक्के घटेल’ असे सांगितले तर ते जवळपास खरे ठरेल. दुसऱ्या गटात तेच वाक्य एकाच माणसाच्या बाबतीत खरे ठरते. बाकी चौघांना आपण एक तर खोटी आशा दाखवली किंवा कमी लेखले.

म्हणून कोणतीही सरासरी कानावर पडली की दुसरा प्रश्न विचारायचा : ‘आणि पसरण किती?’

पसरण मोजण्याच्या तीन पट्ट्या

पहिली पट्टी, विस्तार. सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करायचा. पहिल्या गटाचा विस्तार १७ उणे १३ म्हणजे ४. दुसऱ्याचा २८ उणे २ म्हणजे २६. मोजायला सोपी, पण कच्ची पट्टी. ती फक्त दोन टोकांची माणसे पाहते, मधल्या सगळ्यांकडे दुर्लक्ष करते. दुसऱ्या गटात २८ च्या जागी एकाचे ४८ टक्के घटले असते, तर विस्तार एकदम ४६ झाला असता. सरासरीही १५ वरून १९ वर गेली असती. प्रत्यक्षात बाकी चौघांच्या काट्यावर काहीच बदललेले नाही. बदलला नाही तो मध्यक, म्हणजे ओळीत बरोबर मधे उभ्या असलेल्या माणसाचा आकडा. तो १५ च राहिला.

जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द याच पट्टीचे वरचे टोक दाखवत असतो. ‘२० टक्क्यांपर्यंत’ या वाक्यात २ टक्केही बसतात. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवतात, तोही बहुधा ओळीच्या टोकाचा माणूस असतो.

दुसरी पट्टी, चतुर्थक. शंभर जणांना कमी वजन घटलेल्यापासून जास्त घटलेल्यापर्यंत ओळीत उभे करा. सुरुवातीचे पंचवीस आणि शेवटचे पंचवीस बाजूला ठेवा. मधले पन्नास जण कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत पसरलेत ते पाहा. टोकाच्या एखाद्या चमत्काराने ही पट्टी हलत नाही. ‘माझ्यासारख्या सर्वसाधारण माणसाचे काय होते?’ याचे उत्तर तिच्यातून मिळते.

तिसरी पट्टी, प्रमाण विचलन. इंग्रजी शोधनिबंधात ‘एसडी’ म्हणून जे लिहितात ते हेच. प्रत्येक माणूस सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. आपल्या पहिल्या गटाचे प्रमाण विचलन सुमारे १.४ आणि दुसऱ्याचे सुमारे ९.३ येते. सोप्या भाषेत, पहिल्या गटातली माणसे सरासरीपासून साधारण दीड टक्का इकडेतिकडे आहेत, दुसऱ्यातली नऊ टक्के. आकडे घंटेच्या आकारात विखुरलेले असतील, तर शंभरातले सुमारे ६८ जण सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनाच्या आत येतात आणि सुमारे ९५ जण दोन प्रमाण विचलनांच्या आत.

प्रत्यक्ष चाचणीत काय दिसले?

आता खरे आकडे पाहू. सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमची ‘स्टेप १’ ही मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १,९६१ प्रौढ होते, कोणालाही मधुमेह नव्हता. सुरुवातीचे सरासरी वजन सुमारे १०५ किलो होते. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले. बातम्यांमधला ‘१५’ बहुतेक वेळा इथूनच येतो.

त्याच चाचणीत असेही नोंदले आहे की औषध घेणाऱ्यांपैकी ८६.४ टक्के लोकांचे वजन निदान ५ टक्के घटले, ६९.१ टक्के लोकांचे निदान १० टक्के, ५०.५ टक्के लोकांचे निदान १५ टक्के आणि ३२ टक्के लोकांचे निदान २० टक्के. हे आकडे एकमेकांतून वजा केले की पसरण समोर येते. कंसात ८० किलोच्या माणसासाठी त्याचा अर्थ दिला आहे. शंभर जणांपैकी साधारण :

– १४ जणांचे वजन ५ टक्क्यांपेक्षा कमी घटले (४ किलोपेक्षा कमी)
– १७ जणांचे ५ ते १० टक्के (४ ते ८ किलो)
– १९ जणांचे १० ते १५ टक्के (८ ते १२ किलो)
– १८ जणांचे १५ ते २० टक्के (१२ ते १६ किलो)
– ३२ जणांचे २० टक्के किंवा त्याहून जास्त (१६ किलो किंवा अधिक)

शेजारच्या काकू शेवटच्या ओळीतल्या असतील. ज्यांचे पाच किलो उतरले ते दुसऱ्या ओळीतले. दोघांनीही तेच औषध घेतले आणि दोघांचेही निकाल चाचणीत दिसलेल्या पसरणीत बसतात. शंभरातले जवळजवळ पन्नास जण १५ टक्क्यांच्या खाली असतात. ते सगळे पथ्य मोडणारे नसतात.

औषधाशिवायही पसरण असते

याच चाचणीत काही लोकांना औषध नसलेले इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो दिले होते. त्यांचे वजन सरासरी २.४ टक्के घटले. पण त्यांच्यातही ३१.५ टक्के लोकांचे वजन निदान ५ टक्के घटले आणि १२ टक्के लोकांचे निदान १० टक्के. याचे एक कारण असे की दोन्ही गटांना आहाराचा आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचालीचा सल्ला नियमित दिला जात होता.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, तुमचे जेवढे वजन उतरले ते सगळे इंजेक्शनानेच उतरले असे म्हणता येत नाही आणि उतरले नाही तर सगळा दोष तुमचा असेही म्हणता येत नाही. दुसरी, औषधासोबतचा आहार आणि व्यायाम ही शोभेची ओळ नाही. चाचणीतला १५ टक्क्यांचा आकडा या दोन्हींसकट मिळालेला आहे.

एक आकडा जो हमखास चुकीचा वाचला जातो

‘स्टेप १’ मध्ये औषध आणि प्लासिबो यांच्यातला फरक १२.४ टक्के बिंदू होता आणि त्यापुढे लिहिलेले असते : ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल ११.५ ते १३.४. हे वाचून अनेकांना वाटते की शंभरातल्या ९५ जणांना ११.५ ते १३.४ टक्के फायदा होतो. तसे नाही.

हा पट्टा माणसांच्या पसरणीचा नाही. तो सरासरीच्या अचूकतेचा आहे. संशोधकांनी काढलेला सरासरी फरक खऱ्या सरासरी फरकाच्या किती जवळ असावा, एवढेच तो सांगतो. चाचणीत माणसे जितकी जास्त, तितका हा पट्टा अरुंद होतो. पण माणसांमधली पसरण माणसे वाढवल्याने कमी होत नाही. दोन हजारांऐवजी वीस हजार लोक घेतले, तरी कोणाचे ३ टक्के आणि कोणाचे २५ टक्के वजन घटणारच. अरुंद पट्टा दाखवून कोणी ‘निकाल पक्का आहे’ म्हणत असेल, तर पक्की आहे ती सरासरी. तुमचा निकाल त्यातून कळत नाही.

ती सरासरी कोणाची होती?

पसरण पाहताना आणखी एक गोष्ट तपासायची : त्या ओळीत तुमच्यासारखे लोक होते का? ‘स्टेप १’ मध्ये मधुमेही नव्हते आणि बहुसंख्य लोक पाश्चात्त्य वंशाचे होते. टाइप २ मधुमेह असलेल्यांसाठी ‘स्टेप २’ ही वेगळी चाचणी झाली. तिच्यात याच डोसने वजन सरासरी ९.६ टक्के घटले, तर प्लासिबोने ३.४ टक्के. निदान ५ टक्के वजन घटलेल्यांचे प्रमाण ६८.८ टक्के होते. म्हणजे मधुमेहींच्या शंभरांच्या ओळीत ५ टक्क्यांच्या खाली राहणारे १४ नव्हे, तर ३१ जण होते.

आपल्याकडे हा फरक महत्त्वाचा आहे. आयसीएमआर-इंडिएबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर १५ टक्क्यांचा मथळा तुमच्यासाठी लिहिलेलाच नाही. मात्र मधुमेहात या औषधाचा फायदा वजनावरच संपत नाही, साखरही उतरते. त्यामुळे वजन कमी घटले म्हणजे औषध वाया गेले, असेही नाही.

दोन औषधांची तुलना

‘सरमाउंट ५’ या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड यांची थेट तुलना झाली. ७२ आठवड्यांत टिर्झेपाटाइडने सरासरी २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के वजन घटले. सरासरीत टिर्झेपाटाइड सरस ठरले, यात शंका नाही.

पण पसरण पाहा. निदान २५ टक्के वजन घटलेले लोक टिर्झेपाटाइडच्या गटात ३१.६ टक्के होते, तर सेमाग्लुटाइडच्या गटातही १६.१ टक्के होते. म्हणजे ‘मागे पडलेल्या’ औषधावरचे कित्येक जण ‘पुढे असलेल्या’ औषधाच्या सरासरीच्याही पुढे गेले. दोन्ही ओळी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्यामुळे औषध निवडताना सरासरीसोबत खर्च, तुमचे इतर आजार, तुम्हाला काय सोसते आणि काय सहज मिळते, हेही तोलावे लागते.

तुमच्या काट्यावरचीही पसरण

आतापर्यंत माणसामाणसांतली पसरण पाहिली. एकाच माणसाच्या आकड्यांतही पसरण असते. खाल्लेले अन्न, मीठ, शरीरातले पाणी, बद्धकोष्ठता, मासिक पाळी यांमुळे वजन दिवसागणिक एखाद-दोन किलो वरखाली होऊ शकते. सोमवारी ७८.२ आणि मंगळवारी ७९ दिसले, तर औषध थांबले असे समजू नका.

यावर साधा उपाय असा : एकच काटा, सकाळची एकच वेळ, शौचानंतर, हलके कपडे. आठवड्यात तीन-चार वेळा वजन करा, त्यांची सरासरी काढा आणि या आठवड्याच्या सरासरीची तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी करा. रोजचा चढउतार अशाने आपोआप बाजूला पडतो.

आणखी एक. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत नेतात. पूर्ण डोसपर्यंत पोहोचायला साधारण चार महिने लागतात. पहिल्या महिन्याचा आकडा ६८ आठवड्यांच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

मग निर्णय कसा घ्यायचा?

पसरण मोठी आहे म्हणजे औषध बेभरवशाचे आहे, असा अर्थ काढू नका. सुरू करतानाच मधले टप्पे ठरवा, एवढाच तिचा अर्थ. इंग्लंडची ‘नाइस’ ही संस्था सेमाग्लुटाइडबाबत सांगते की सहा महिन्यांच्या उपचारानंतर सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्केही घट झाली नसेल, तर औषध थांबवण्याचा विचार करावा. सरासरीवर न विसंबता, पसरणीच्या खालच्या टोकाला कोण आहे ते वेळेत ओळखण्याचा हा मार्ग आहे.

पहिले इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना हे प्रश्न विचारा :

१. माझ्यासारख्या (वय, मधुमेह, बीएमआय) लोकांमध्ये निदान ५ आणि १० टक्के वजन किती जणांचे घटले?
२. आपण किती महिन्यांनी आढावा घेणार आणि कोणत्या आकड्यावर थांबायचे किंवा बदलायचे?
३. वजनाशिवाय काय मोजणार? कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, यकृताची चरबी?
४. औषध किती काळ घ्यावे लागेल आणि तेवढा खर्च आम्हाला झेपेल का?
५. माझ्या इतर गोळ्यांचे डोस बदलावे लागतील का?

चौथा प्रश्न टाळू नका. ‘स्टेप १’ मधल्या काही लोकांचा औषध बंद केल्यावर पुढे वर्षभर पाठपुरावा झाला. घटलेल्या वजनापैकी सरासरी सुमारे दोन तृतीयांश वजन त्या वर्षात परत आले. इथेही ही सरासरीच आहे, पण कल त्यातून स्पष्ट दिसतो. दोन-तीन महिन्यांचेच पैसे हाताशी असतील, तर घाईने सुरुवात करण्याआधी घरात नीट बोला.

पाचवा प्रश्न इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. त्यांच्यासोबत ही इंजेक्शने घेतल्यास साखर फार खाली जाण्याचा धोका वाढतो.

दुष्परिणामांतही पसरण असते. ‘स्टेप १’ मध्ये औषध घेणाऱ्यांपैकी ४४.२ टक्के लोकांना मळमळ झाली, प्लासिबोवर १७.४ टक्क्यांना. बहुतेकांचा त्रास सौम्य ते मध्यम आणि थोड्या दिवसांचा होता, पण पोटाच्या त्रासामुळे ४.५ टक्के लोकांना औषध सोडावे लागले. पोटात सतत तीव्र दुखणे (विशेषतः पाठीकडे जाणारे), न थांबणारी उलटी किंवा पाणीही न टिकणे असे झाले, तर पुढच्या डोसची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा. गर्भधारणा असेल किंवा तिचा विचार असेल, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर ते आधीच सांगा. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ओळखीतून किंवा ऑनलाइन मागवून घेऊ नका.

घरच्यांसाठी

तुमच्या घरातल्या कोणाचे वजन अपेक्षेपेक्षा कमी उतरले, तर ‘त्यांचे कसे उतरले?’ असे विचारू नका. शंभर जणांच्या ओळीत कोणीतरी सुरुवातीला उभे असतेच. तिथे कोण असेल हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी आज रोजच्या वापरात नाही. त्याऐवजी आठवड्याच्या वजनाची वही ठेवायला मदत करा, सोबत चालायला जा, आढाव्याच्या दिवशी डॉक्टरांकडे बरोबर या. आणि आठ किलोंची अपेक्षा असताना चारच किलो उतरले असतील, तर आधी रक्तदाब, साखर आणि गुडघ्याचे दुखणे काय म्हणते ते विचारा. ८० किलोंच्या माणसात चार किलो म्हणजे ५ टक्के. एवढ्या घटीनेही साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी सुधारायला मदत होते.

पुढच्या वेळी कोणत्याही औषधाची, तपासणीची किंवा आहाराची ‘सरासरी’ वाचाल, तेव्हा मनातला गुणाकार थोडा थांबवा. आधी विचारा : ओळीतल्या पहिल्या चौथाईत काय झाले, मधल्या माणसाचे काय झाले आणि त्या ओळीत माझ्यासारखे किती जण होते? उत्तर मिळाले नाही, तर तो आकडा कागदावर लिहून घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्याबद्दल विचारा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.)